दगडांच्या मागोमाग

दिल्लीच्या मथुरा रस्त्याने हुमायूनचा मकबरा मागे टाकून थोडे दक्षिणेकडे चालत गेले, की डाव्या हाताला एक उघडाबोडका घुमट दिसू लागतो. संगमरवराचे आच्छादन गेलेले, आतली करड्या रंगाची ओबडधोबड बांधणी तेवढी उन्हापावसाला तोंड देत राहिलेली, अशी त्याची अवस्था आहे. हा अब्दुर्रहीम खानखानान याचा मकबरा. वस्तुतः तो त्याने आपल्या पत्नीसाठी, माहबानूसाठी, 1598 च्या सुमारास बांधविला, आणि 1627 मध्ये त्याला स्वतःलाही त्याच घुमटाखाली विसावा मिळाला. आयुष्याची कित्येक वर्षे ज्याने दख्खनच्या मोहिमांत, अहमदनगरच्या निजामशाहीशी आणि मलिक अंबराशी झुंजण्यात घालविली, बाबराचे आत्मचरित्र ज्याने तुर्कीतून फारसीत आणले, आणि ज्याचे दोहे उत्तर हिंदुस्थानातल्या शाळकरी मुलांच्या ओठांवर अद्याप आहेत, त्या पुरुषाची ही कबर. काही वर्षांपूर्वी आगाखान न्यासाने हिची डागडुजी फार निगुतीने केली. आतल्या चुनेगच्चीवरची वर्तुळाकार नक्षी पुन्हा उजळली, ढासळलेल्या कमानी सावरल्या. घुमटाचा उघडेपणा मात्र बहुतांशी तसाच राहू दिला, आणि तो तसा राहू देण्यात मला मोठा विवेक दिसला.

मी बराच वेळ वर पाहात उभा आहे हे लक्षात येऊन तिथला रखवालदार आपण होऊन जवळ आला, आणि शेजाऱ्याने नेलेल्या व परत न केलेल्या एखाद्या वस्तूविषयी बोलावे तितक्या सहजपणे म्हणाला, “पत्थर तो सफदरजंगवाले ले गए, साहब. सीधी सड़क है, देख आइए.”

सरळ रस्ता आहे, हे त्याचे म्हणणे अक्षरशः खरे निघाले. मकबऱ्याबाहेर रिक्षा मिळाली, निळ्या कौलांच्या सब्ज बुर्जाला वळसा घालून ती लोधी रस्त्याला लागली, आणि मग निंबाच्या सावलीतून, सरकारी कचेऱ्यांच्या भिंतींवरून, उजव्या हाताची लोधी बाग आणि तिच्यातल्या सुलतानांच्या काळवंडलेल्या घुमटांवरून पुढे जात, तिने मला रस्ता जिथे संपतो तिथे, नेमके सफदरजंगाच्या मकबऱ्यासमोर आणून सोडले. लोधी रस्ता इंग्रजांनी आखला; 1754 साली, सफदरजंगाच्या मकबऱ्याचे बांधकाम चालू होते तेव्हा, तो नव्हता. तरीसुद्धा कधी काळी बैलगाड्यांवर लादलेल्या संगमरवराच्या चिपा साधारण याच दिशेने, याच चार-पाच किलोमीटरांतून गेल्या असल्या पाहिजेत, आणि त्यांच्या मागोमाग, पावणेतीनशे वर्षांनी का होईना, आपण चाललो आहोत, ही जाणीव होताच त्या साध्या प्रवासाला एक निराळेच गांभीर्य आले. आजवर मी दिल्ली स्थळांच्या यादीवरून पाहात आलो होतो. त्या दिवसापासून ती वस्तूंच्या वाटांवरून पाहू लागलो.

सफदरजंग मराठी माणसाला परका नाही. रोहिले आणि पठाण यांनी जेरीस आणल्यावर याच वजिराने मल्हारराव होळकर आणि जयाप्पा शिंदे यांना मदतीस बोलाविले, आणि त्यातून 1752 चा तो करार घडला, ज्याने मराठ्यांच्या शिरावर दिल्लीच्या रक्षणाची जोखीम आली. पुढे त्याचा पुत्र शुजाउद्दौला पानिपतावर अब्दालीच्या बाजूने उभा राहिला, हेही आपण विसरलेलो नाही. त्या शुजाने बापासाठी उभारलेली ही वास्तू मोगल बादशाहीतल्या भव्य बागमकबऱ्यांपैकी शेवटची म्हणून ओळखली जाते. जाणकार हिला नावे ठेवतात. घुमट प्रमाणाबाहेर फुगला आहे, लाल आणि पिवळट दगडांच्या मिश्रणाने भिंतींवर डाग पडल्यासारखे दिसतात, नक्षी अंमळ अधिकच झाली आहे, असे आक्षेप आहेत आणि त्यांत तथ्यही आहे. परंतु संध्याकाळच्या तिरप्या उन्हात त्या घुमटाचा संगमरवर जेव्हा मंद पिवळा होतो, तेव्हा यांतल्या कोणत्या चिपांनी रहीमच्या डोक्यावर सव्वाशे-दीडशे वर्षे सावली धरली असेल, असे मनात येऊन मी दोष काढण्याचे विसरलो. एकाच्या कबरीचा दगड दुसऱ्याच्या कबरीला लागला. आणि दोघेही आज पाहणाऱ्याला तिकीट काढायला लावून सारख्याच निमूटपणे निजले आहेत.

दिल्लीत हिंडण्याची साधने आज पुष्कळ आहेत, आणि प्रत्येक साधन निराळी दिल्ली दाखविते. मेट्रोचा मी ऋणी आहे. तिच्यावाचून माझ्यासारख्या उपऱ्याला एका दिवसात कुतुब आणि काश्मिरी दरवाजा ही दोन्ही टोके गाठणे दुष्करच झाले असते. तथापि जमिनीखालून धावणारी ती गाडी शहराला नावांच्या माळेत रूपांतरित करते. जांभळ्या मार्गावर लाल किला, जामा मस्जिद, दिल्ली गेट अशी नावे एकामागून एक त्या ध्वनिक्षेपकातल्या समशीतोष्ण आवाजात कानांवर येतात, दारे डाव्या बाजूला उघडतील की उजव्या हे कळते, परंतु दोन नावांच्या मधले अंतर, जे खरे तर शतकांचे आहे, ते अंधारात निसटून जाते. याच मार्गाने दक्षिणेकडे बसून राहिले तर कालकाजी मंदिर हे स्थानक येते. माझ्या डब्यातल्या कोणालाही त्या नावाने दचकण्याचे कारण नव्हते. मी मात्र सावरून बसलो. 1737 मध्ये बाजीरावाने बादशाही फौजांना बगल देऊन, मजल दरमजल न करता एकदम झेप घालून दिल्ली गाठली, तेव्हा त्याचे घोडे पहिल्यांदा थांबले ते या कालिकेच्या परिसरात, तिच्या यात्रेच्या दिवसांत. पुढे तो ताल कटोऱ्याकडे सरकला, शहरातून चाल करून आलेल्या सरदारांचा त्याने मोड केला, आणि मग शहर न जाळता माघारी वळला. बादशाही मोडण्यात राज्याचे हित नाही, अशा आशयाचे त्याने चिमाजीअप्पांना लिहिले. इतकी मोठी घटना ज्या नावाला चिकटली आहे ते नाव दाराच्या वर तांबड्या अक्षरांत सरकते, आणि पिशव्या सावरत माणसे उतरून जातात. ती उतरून जातात यात वावगे काहीच नाही. राजधानीत राहणाऱ्या माणसाने प्रत्येक स्थानकावर इतिहासाला मुजरा करायचा म्हटले तर त्याला कचेरी कधीच गाठता येणार नाही.

चावडी बाजाराला उतरावे आणि सरकत्या जिन्यांवरून वर येत राहावे, हा अनुभव मला विशेष प्रिय आहे. स्थानक फार खोल आहे. एक जिना संपतो तो दुसरा लागतो, थंड हवा हळूहळू विरत जाते, आणि शेवटच्या पायरीवरून एकदम तळणीच्या तुपाचा वास, हातगाडीवाल्यांच्या आरोळ्या, डोक्यावर विजेच्या तारांचे झुबके आणि दोन्ही बाजूंना लग्नपत्रिकांच्या दुकानांच्या रांगा, अशा एका घनदाट दुनियेत आपण येऊन पडतो. इथून सायकलरिक्षेने जावे. ओढणारा उभा राहून पायडलवर भार देतो, साखळीचा कर्र आवाज येतो, समोरून येणाऱ्या ठेल्याला तो “भाई, बचके” म्हणून बजावतो आणि तो ठेलेवालाही त्याला तेच म्हणतो. दोघांच्या मध्ये चार बोटांची फट राहते आणि त्या फटीतून दोघेही जातात. या गतीत डोळा जागा राहतो. कोणत्या कमानीत अर्धी बुजविलेली हवेलीची ड्योढी आहे, कोणत्या दुकानाच्या फळीमागे लाखौरी विटांची भिंत आहे, हे कळते ते याच गतीने.

तरी वस्तूंच्या प्रवासाचे खरे रहस्य मला उमगले ते फिरोजशहा कोटल्यात. क्रिकेटच्या मैदानाला लागून असलेला हा मोडका कोट दिल्लीला येणाऱ्या प्रवाशांच्या नेहमीच्या फेरीत फारसा नसतो, आणि त्याविषयी मला नेहमी विषाद वाटतो. चौदाव्या शतकात फिरोजशहा तुघलकाने आपल्या नव्या राजधानीच्या मधोमध, मजल्यांनी निमुळत्या होत गेलेल्या इमारतीच्या माथ्यावर, अशोकाचा एक अखंड पाषाणस्तंभ उभा केला. तो त्याने घडविला नाही. पहाडांच्या पायथ्याशी असलेल्या टोपरा गावाहून आणविला. कसा आणविला याचे वर्णन शम्स सिराज अफीफ याने लिहून ठेवले आहे, आणि ते वाचताना इतिहासकाराची लेखणी क्वचितच इतकी कारागिराच्या हाताजवळ आलेली मी पाहिली आहे. आसपासच्या मुलखातल्या रयतेला आणि शिपायांना हुकूम सुटले, की दोरखंड आणि अवजारे घेऊन हजर व्हावे, आणि सावरीचा कापूस आणावा. स्तंभाभोवती त्या कापसाच्या राशी रचल्या. बुंध्याजवळची माती उकरली. मग तो प्रचंड दगड हळुवारपणे त्या मऊ शय्येवर कलला. त्यानंतर थोडाथोडा करून कापूस काढून घेतला, तेव्हा काही दिवसांनी स्तंभ जमिनीला टेकला. त्याला बोरू आणि कच्चे कातडे यांत नखशिखान्त गुंडाळले. बेचाळीस चाकांचा गाडा तयार केला, प्रत्येक चाकाला दोरखंड बांधला, आणि एकेका दोराला दोनदोनशे माणसे लागली. अशा रीतीने तो यमुनेच्या काठी आला. तिथे सुलतान स्वतः सामोरा गेला. आणि मोठमोठ्या धान्यवाहू नावांवर चढून स्तंभ पाण्यावाटे दिल्लीस पोहोचला.

या सगळ्या वर्णनात मला सर्वांत भावते ते त्या सावरीच्या कापसाचे. जो सुलतान दगडाला ओरखडाही उठू नये म्हणून एवढी तजवीज करतो, त्याला त्या दगडावर काय लिहिले आहे हे मात्र वाचता येत नव्हते. त्याने पंडितांना बोलावून लेख वाचविण्याचा प्रयत्न केला, पण ब्राह्मी लिपी विसरली जाऊन शतके लोटली होती. कोणालाच ती लागेना. भोवतालचे लोक तर तो दगड भीमाच्या हातातली काठी समजत. ज्या अक्षरांत प्राण्यांना अभय आणि प्रजेला धर्मोपदेश होता, ती अक्षरे न वाचताच एका परधर्मी राजाने त्यांना मानाने डोक्यावर बसविले. पुढे 1837 मध्ये जेम्स प्रिन्सेपने कलकत्त्यात बसून ती लिपी उलगडली, तेव्हा या दिल्लीच्या स्तंभावरील लेखाच्या नकला त्याच्या कामी आल्या. अर्थ कळण्याआधी पाचशे वर्षे तो स्तंभ मुळात जपला गेला होता म्हणून तो वाचता आला, हे मी तिथे उभा राहून पुनःपुन्हा स्वतःशी घोकीत होतो.

आणि अक्षरांचा व्यवहार तिथे आजही थांबलेला नाही. गुरुवारी कोटल्याच्या तळघरातल्या कोनाड्यांत माणसे अर्ज ठेवून जातात. जिन म्हणजे अदृश्य योनीतले जीव, त्यांच्या नावाने लिहिलेले अर्ज. कोणाचा मुलगा बेपत्ता आहे, कोणाचा जागेचा खटला रखडला आहे, कोणाच्या घरात आजारपण हटत नाही. सरकारी कचेरीत द्यावा तसाच तो कागद असतो, वर नाव, खाली पत्ता, आणि अनेक कोनाड्यांत ठेवता यावा म्हणून त्याच्या छायाप्रतीही काढलेल्या असतात. काजळी धरलेल्या भिंती, उदबत्त्यांचा धूर, गुलाबाच्या पाकळ्या, आणि एका कोपऱ्यात डोक्यावरचा पदर सारखा करीत अगदी सुवाच्य अक्षरांत काही लिहीत बसलेली एक वृद्धा. मी तिच्या कागदाकडे पाहिले नाही. माणसाच्या फिर्यादीला शेवटी सुनावणी हवी असते, आणि जिथे दिवाण नाही, मुनशी नाही, तारीख पडत नाही, असा एक दरबार दिल्लीतल्या लोकांनी या ओसाड राजवाड्यात आपल्यापुरता चालू ठेवला आहे.

दगड हलतात ते एक वेळ समजण्यासारखे आहे. या फिरोजशहाच्या आधीच्या सुलतानाने, मुहम्मद तुघलकाने, 1327 मध्ये राजधानीच उचलली आणि आमच्या देवगिरीला नेऊन तिचे दौलताबाद केले. शाळेत ही हकीकत एका लहरी राजाची म्हणून सांगितली जाते. दौलताबादेजवळच्या खुलदाबादला ज्याने पाय लावले आहेत त्याला ती तेवढीच वाटत नाही. त्या स्थलांतराबरोबर दिल्लीचे उमराव आले, उलेमा आले, आणि निजामुद्दीन औलियांचे शिष्यही आले. त्यांतले बुर्‍हानुद्दीन गरीब खुलदाबादेत निजले आहेत. आपल्या गुरूची संभाषणे ज्याने जपून लिहून काढली तो कवी अमीर हसनही तिथेच आहे. अमीर हसन आणि अमीर खुसरो हे जिवलग मित्र. खुसरो 1325 मध्ये गेला आणि दिल्लीत गुरूच्या पायथ्याशी त्याला जागा मिळाली. हसन जगला, म्हणून त्याला दख्खनेत यावे लागले, आणि तो इथल्याच मातीत मिसळला. निजामुद्दीनच्या दर्ग्यात, अत्तरफुलांच्या अरुंद गल्लीतून आत जाऊन खुसरोच्या कबरीजवळ बसलो असताना मला दर खेपेस सह्याद्रीच्या फाट्यावरचे ते दुसरे गाव आठवते, आणि दोन मित्रांच्या मध्ये पसरलेली ती सारी वाट डोळ्यांपुढे येते. राजधानी काही वर्षांत दिल्लीला परतली. माणसे सगळी परतली नाहीत.

इंग्रजांची नवी दिल्ली मी नेहमी भरभर ओलांडतो. तिचे विस्तीर्ण रस्ते चालण्यासाठी केलेले नाहीत. 12 डिसेंबर 1911 च्या दरबारात राजधानी कलकत्त्याहून दिल्लीस आणण्याची घोषणा झाली आणि तीन दिवसांनी पंचम जॉर्ज बादशहाच्या हस्ते शहराच्या उत्तरेला कोनशिला बसल्या. पुढे जागा मनास येईना, रायसिनाची टेकडी पसंत पडली, आणि त्या कोनशिलांनाही उठून इकडे यावे लागले. त्याच पंचम जॉर्जचा संगमरवरी पुतळा इंडिया गेटजवळच्या छत्रीतून 1968 मध्ये निघाला आणि जिथे दरबार भरला होता त्या उत्तरेकडच्या मैदानात जाऊन उभा राहिला. रहीमचा संगमरवर, अशोकाचा स्तंभ, बादशहाचा पुतळा. या नगरीत स्थिर राहण्याचा परवाना कोणाच्याच नावे दीर्घकाळ निघालेला नाही.

लाल किल्ल्याकडे मी जाणूनबुजून शेवटी गेलो. चांदणी चौकातून चालत, ज्याचा संबंध परंपरा अप्पा गंगाधर या मराठी सरदाराशी जोडते त्या गौरीशंकराच्या देवळात नमस्कार करून, मी लाहोरी दरवाज्याने आत शिरलो. छत्ता बाजारातल्या खोट्या मोत्यांच्या माळा आणि पितळी तलवारी ओलांडून, नौबतखाना आणि दिवाण-ए-आम मागे टाकून, दिवाण-ए-खासच्या संगमरवरी खांबांपाशी आलो. आत जाऊ देत नाहीत. दोरीबाहेरून मान वर करून पाहावे लागते. वर रंगविलेले लाकडी छत आहे, 1911 च्या दरबाराच्या वेळचे. त्याच्या जागी शहाजहानच्या काळी चांदीचे छत होते. तख्त नादिरशहाने 1739 मध्ये नेले हे सर्वांस ठाऊक आहे आणि तसे सांगताना मार्गदर्शकाचा आवाज चढतो. छताविषयी तो एकच वाक्य बोलला, “चाँदी मराठे उतार ले गए,” आणि पुढे सरकला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता. मी मात्र सरकू शकलो नाही.

1760 चा तो पावसाळा. यमुनेला महापूर, पलीकडे अब्दाली, अलीकडे सदाशिवरावभाऊंची प्रचंड फौज, बरोबर बुणगे आणि यात्रेकरू, चारा महाग, दाणा दुर्मीळ, देशाहून खजिना येईना, शिपायांचे पगार थकलेले. भाऊंनी ती चांदी उतरवून तिचे रुपये पाडले. नऊ लाखांचा आकडा इतिहासकार देतात. गरज खरी होती, हे मी मनाशी कबूल करतो. उपाशी शिपायाला नक्षीचे सौंदर्य पटवून देता येत नाही. आणि तरीही ज्या दिल्लीच्या रक्षणाची हमी आपण घेतली, तिच्याच बादशहाच्या डोक्यावरचे छप्पर आपल्या हातांनी खाली आले, हे वास्तव पानिपताच्या दुःखामागे लपविण्याचा मोह आपल्या बखरप्रिय मनाला होतो, तो मला मान्य करवत नाही. अभिमान बाळगायचा तर या हिशेबासकट बाळगला पाहिजे. बाजीरावाने शहर जाळले नाही, महादजी शिंद्यांच्या फौजेने 1788 मध्ये गुलाम कादिराच्या क्रौर्यातून आंधळ्या शहाआलमाला सोडविले, हे त्याच हिशेबातले जमेचे रकाने. हे छत दुसऱ्या बाजूला.

रहीमच्या घुमटाचे दगड कुठे गेले ते निदान ठाऊक आहे. रिक्षा करून पाहून येता येते. या चांदीचे तसे नाही. नऊ लाख रुपये थकलेल्या पगारांत, बैलांच्या भाड्यात, बंजाऱ्यांकडून घेतलेल्या धान्यात फुटून गेले असतील. काही कुंजपुऱ्याच्या वाटेवर खर्ची पडले असतील, काही पानिपताच्या त्या जानेवारीत कंबरेच्या कशांसकट मातीत गेले असतील, काही जिंकणाऱ्यांच्या पिशव्यांतून सिंधू ओलांडून गेले असतील. आणि एखाद्या जखमी शिलेदाराने महिनोन्महिने पायपीट करून घर गाठले असेल तर त्यांतला एखादा गोदेच्या किंवा नीरेच्या काठी येऊन, वितळून, कोणा लेकीच्या पायांतल्या तोड्यांत बसलाही असेल. पुण्याच्या पेशवे दफ्तरात त्या मोहिमेच्या जमाखर्चाचे जे कागद उरले आहेत ते या दृष्टीने कोणीतरी पुन्हा उलगडून पाहावेत, आणि दुसऱ्या कोणाला सवड नसेल तर आपणच मोडी नीट घोटून तिकडे जाऊन बसावे, असे किल्ल्याबाहेर गाडीची वाट पाहताना मला वाटू लागले, आणि ते वाटणे अद्याप गेलेले नाही.